जखमेचा वाफसा

भाजलेल्या माणसाला नवी त्वचा लावायची तर ती बहुतेक वेळा त्याच्याच मांडीवरून काढतात. मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास जाडीची ती साल भाजलेल्या जागी रुजते, हे ऐकून सगळ्यांना ठाऊक असतं. पण मांडीची जी जागा सोलली गेली तिचं पुढे काय होतं, याकडे कुणी फारसं पाहत नाही. ती जागा दोनेक आठवड्यांत आपली आपण भरून येते. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथींच्या नळ्या त्वचेच्या खालच्या थरात खोल उतरलेल्या असतात. वरची साल गेली तरी त्यांच्या भिंतींतल्या पेशी शाबूत राहतात, वाढत वर येतात, बाजूला पसरतात आणि एकमेकींना भेटून नवं आवरण विणतात. ज्यांना आपण आज मूलपेशी म्हणतो, त्या ह्याच. म्हणजे ‘मूलपेशी उपचार’ हे शब्द चलनात येण्याच्या शंभर वर्षं आधीपासून त्वचारोपण करणारा प्रत्येक शल्यविशारद याच पेशींच्या भरवशावर काम करत होता. या इतिहासाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जखम बंद करणारी पेशी माणसाजवळ होतीच, अडत होतं ते तिला रुजायला लागणाऱ्या जमिनीपाशी. ती जमीन तयार करण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडे त्याची आठवण फारच कमी निघते.

सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या वस्तीत हा विषय पुस्तकी राहत नाही. यंत्रमागांची ही पेठ. सूत, कापसाचा उडता तंतू, जुनं वायरिंग आणि वर-खाली दाटीनं राहणारी माणसं एकाच छताखाली असली की ठिणगीला फार शोधावं लागत नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. अशा आगीची बातमी होते. चुलीवरच्या आंघोळीच्या पाण्यानं भाजलेलं मूल, स्टोव्हच्या भडक्यानं पदर पेटलेली बाई, रंगाच्या उकळत्या पाण्यात हात गेलेला कामगार यांची बातमी होत नाही. केंद्र सरकारच्या भाजण्याविषयीच्या कार्यक्रमात जो अंदाज आधाराला धरला आहे, त्यानुसार देशात वर्षाला सुमारे ७० लाख लोक भाजतात आणि १ लाख ४० हजार दगावतात. सोलापूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून चालू आहे. त्याच्या ‘सिव्हिल’मध्ये धाराशिवकडचे आणि सीमेपलीकडचे कलबुर्गी, विजयपूरचेही रुग्ण येतात. अशा ठिकाणी मूलपेशींची बातमी वाचणाऱ्या नातेवाइकाच्या मनात साहजिकच येतं, की हे आपल्याकडे कधी येणार? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागेल, तेही पुण्यापासून.

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभरानं पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्यांच्या जातीतल्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी हे पाहिलं. त्या माणसानं मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बेतून घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी उचलली. दोन डोळ्यांच्या मधला एक चिंचोळा पट्टा मात्र त्यानं कापला नाही. कातडी फिरवून खाली आणली, कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि त्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं फडकं ठेवलं. डोळ्यांमधला पट्टा कापला तो साधारण पंचविसाव्या दिवशी. या पंचवीस दिवसांतच सगळं शास्त्र आहे. कातडी जगते ती खालून येणाऱ्या रक्तावर, आणि नव्या जागेचं रक्त तिला मिळू लागेपर्यंत जुनं तोडायचं नाही, हे त्या निनावी कारागिराला पक्कं ठाऊक होतं. लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं पुढे १८१४ मध्ये हीच शस्त्रक्रिया केली, आणि युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची वंशावळ तिथून सांगतात. माझ्या दृष्टीनं मात्र त्या पत्रातला खरा धडा नाकाचा नाही, जमिनीचा आहे.

जाक-लुई रेव्हर्दां यानं १८६९ मध्ये पॅरिसमध्ये कातडीचे इवलेसे तुकडे उघड्या जखमेवर ठेवले. ते मुळाशी जोडलेले नव्हते, तरी रुजले आणि कडांनी पसरले. १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल थीर्शनं पातळ, रुंद साली काढायला सुरुवात केली. इतक्या पातळ सालीला खालच्या रक्तावर पहिले काही दिवस नुसतं भिजून जगता येतं, म्हणून ती टिकते. पुढची सत्तर वर्षं या तंत्रानं असंख्य माणसं वाचली, पण एका भिंतीपाशी ते थांबायचं. निम्म्याहून जास्त अंग खोल भाजलं की साल काढायला अंगच उरत नाही. मग दुसऱ्याची लावली तर? दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोमध्ये टॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी एका भाजलेल्या बाईच्या जखमेवर तिची स्वतःची आणि परक्याची अशी दोन्ही कातडी लावून पाहिली. परक्याची पहिल्यांदा काही दिवस टिकली. तीच दुसऱ्यांदा लावली तेव्हा तिचा नाश आणखी लवकर झाला. शरीर परक्याला ओळखतं आणि ओळख लक्षात ठेवतं, हे त्यांनी १९४३ मध्ये मांडलं. अवयव प्रत्यारोपणाचं शास्त्र याच जखमेवर उभं राहिलं आणि मेडावरना १९६० मध्ये नोबेल मिळालं. भाजलेल्या माणसाला मात्र त्यातून मिळालं ते एवढंच उत्तर, की परक्याची कातडी कायमची होणार नाही.

आता मुंबईकडे येऊ, कारण या इतिहासातला जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो इथे घडला. ज्याचं भाजणं फार खोल नाही, त्याच्या त्वचेच्या खालच्या थरात मूलपेशी जिवंत असतात. त्यांना काम करू देणं म्हणजे जखम ओली, झाकलेली आणि जंतूंपासून दूर ठेवणं. जॉर्ज विंटरनं १९६२ मध्ये डुकरांच्या जखमांवर दाखवून दिलं होतं, की कोरड्या खपलीपेक्षा ओलसर आवरणाखाली पेशी लवकर सरकतात. अशी आवरणं बाहेरच्या देशांत महाग मिळत. परळच्या वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. मनोहर केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीच्या कापडाला चिकटवून ड्रेसिंग केलं आणि १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्याचा अहवाल दिला. साधी जाळीदार पट्टी जखमेला चिकटते. ती ओढली की रुग्ण किंचाळतो आणि नुकत्याच सरकलेल्या पेशीही तिच्याबरोबर उपटून येतात. बटाट्याची साल चिकटत नाही. त्यानंतर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे सायन हॉस्पिटलात, डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेलं केळीचं पान वापरून पाहिलं. वरवरच्या भाजण्यावर आणि साल काढलेल्या मांडीवर अशा दोन्ही जागी ते चाललं, बटाट्याच्या सालीपेक्षा कितीतरी स्वस्त पडलं, आणि २००३ मध्ये ते प्रसिद्धही झालं. ज्या पानावर आपण जेवतो त्याचा गुळगुळीत, न चिकटणारा, पाणी धरून ठेवणारा पृष्ठभाग शास्त्रीय कसोटीला लावणं ही लहान गोष्ट नव्हे. टाटा स्मारक रुग्णालयानं १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू केली. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी गर्भवेष्टनाची पातळ पापुद्र्यासारखी झिल्ली तिथे स्वच्छ करून, किरणोत्सर्गानं निर्जंतुक करून भाजलेल्यांसाठी पाठवली जाऊ लागली. यातल्या एकाही उपचारात बाहेरून पेशी घातलेली नाही. रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशींना निवारा दिला, एवढंच.

खोल भाजण्याला मात्र हे पुरत नाही. तिथे खालचा थरही जळालेला असतो, केसाची मुळं गेलेली असतात, म्हणजे बियाणंच संपलेलं असतं. या बियाण्याचा प्रश्न अमेरिकेत सुटला. १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या पेशींच्या सोबतीनं माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी काचेच्या बशीत पुन्हा पुन्हा वाढवून दाखवल्या. १९८१ मध्ये बोस्टनमध्ये अशा पेशींचे पापुद्रे पहिल्यांदा भाजलेल्या रुग्णांवर लावले गेले. १९८३ मध्ये ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेली दोन लहान भावंडं बोस्टनला आणली गेली. काखेतली दोन चौरस सेंटिमीटर शाबूत कातडी घेतली. तेवढ्यातून प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेनं त्यांचं जवळजवळ निम्मं अंग झाकलं आणि ती वाचली. मूलपेशींनी भाजलेल्या माणसाला वाचवल्याची जगातली ही सर्वांत ठळक घटना, आणि तिचं अप्रूप वाटलंच पाहिजे. पण पुढच्या वर्षांत जगभरच्या वॉर्डांतून जो अनुभव आला, तोही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा. बशीतल्या त्या पापुद्र्यात पेशींचे तीन-चार थर असतात आणि खाली काहीच नसतं. मांसावर किंवा चरबीवर तो ठेवला तर कधी रुजतो, कधी आठवड्यानं विरघळून जातो. रुजला तरी कपड्याच्या घासानं फोड येतात, कातडी आखडते. शिवाय तो वाढायला तीन-चार आठवडे लागतात, आणि उघड्या जखमेत जंतू तेवढा वेळ देत नाहीत.

सोलापूर हा रब्बीच्या ज्वारीचा मुलूख आहे, इथल्या वाचकाला हे एका शब्दात कळेल: जखमेला वाफसा आलेला नव्हता. बी उत्तम असलं तरी चिखलात कुजतं आणि ढेकळात वाळतं. हा वाफसा कसा आणायचा ते येल विद्यापीठातल्या चार्ल्स क्युओनो यांनी १९८६ मध्ये दाखवलं, आणि या सगळ्या कहाणीतला कळीचा पुरावा मी त्यालाच मानतो. त्यांनी मेलेली कातडी कापून काढली आणि लगेच मृत दात्याची त्वचा लावली. तिनं जखम बंद केली, जंतू बाहेर ठेवले, आणि त्या अवधीत प्रयोगशाळेत रुग्णाच्या पेशी वाढत राहिल्या. पापुद्रे तयार झाल्यावर त्यांनी दात्याच्या त्वचेचा फक्त वरचा थर खरवडून काढला. शरीराचा राग मुख्यतः त्या वरच्या, पेशींनी भरलेल्या थरावर असतो. खालची अंतस्त्वचा म्हणजे बहुतांशी तंतूंची वीण. तिच्यात पेशी कमी, म्हणून शरीर तिला बरंचसं सामावून घेतं. त्या विणीवर रुग्णाच्या स्वतःच्या पेशी पसरल्या आणि धरल्या. परक्याची कातडी टिकत नाही हे मेडावरचं म्हणणं खरंच होतं, पण ते अर्ध्या कातडीबद्दल खरं होतं. तेव्हा मूलपेशींचा उपचार हवा असेल तर त्याआधी कपाटात दात्याची त्वचा तयार पाहिजे. त्वचापेढी ही मूलपेशींच्या आधीची, मागासलेली पायरी आहे असं समजणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

ती पेढी भारतात पहिल्यांदा उभी राहिली ती २००० मध्ये, सायन हॉस्पिटलात, डॉ. माधुरी गोरे यांच्याच पुढाकारानं. केळीच्या पानाचा अभ्यास आणि त्वचापेढी एकाच डॉक्टरच्या हातून व्हावी यात मला योगायोग दिसत नाही. एकीकडे उथळ जखमेला निवारा, दुसरीकडे खोल जखमेला जमीन, हा एकाच विचाराचा विस्तार आहे. पुढे २००९ मध्ये नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये डॉ. सुनील केसवानींच्या नेतृत्वाखाली, नेदरलँड्सच्या युरो स्किन बँकेचं तंत्र घेऊन, दुसरी पेढी सुरू झाली. पुण्या-नागपुरातही पेढ्या झाल्या. काम कसं चालतं ते सांगतो, कारण भीती असते ती न पाहिलेल्या गोष्टीची. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पथक येतं. मांड्या, पोटऱ्या आणि पाठीवरून डर्माटोम नावाच्या यंत्रानं त्वचेच्या जाडीचा साधारण आठवा हिस्सा एवढाच थर पट्ट्यांनी उचलतात. रक्त वाहत नाही, चेहरा-हातांना हात लागत नाही, खाली फिकट त्वचा दिसते आणि तिच्यावर पट्टी बांधून देह परत देतात. तासाभराच्या आत सगळं आटोपतं. एचआयव्ही, कावीळ यांच्या चाचण्या होतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. पट्ट्या ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये मुरवून शीतपेटीत ठेवल्या की पाच वर्षांपर्यंत वापरता येतात. वापरायच्या वेळी ग्लिसरॉल धुऊन काढलं की पांढुरकी, मऊ, भिजलेल्या कागदासारखी पट्टी हातात येते.

या पट्टीचा उपयोग प्रयोगशाळेची वाट न पाहताही होतो. स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावच्या झोरा यांझेकोविच यांनी १९७० मध्ये जगापुढे मांडलं, की जळालेली कातडी आपोआप गळून पडायची वाट न पाहता पहिल्या काही दिवसांतच थराथरानं कापून काढावी आणि जखम लगेच झाकावी. ही पद्धत आता जगभर मान्य आहे, पण तिच्यातलं ‘लगेच झाकावी’ हे कलम ज्याच्याकडे झाकायला काही आहे त्यालाच पाळता येतं. रुग्णाची थोडीशी कातडी शिल्लक असेल तर ती यंत्रातून काढून तिची जाळी करतात, म्हणजे तेवढ्याच कातडीत तिप्पट किंवा त्याहून जास्त जागा झाकता येते. जाळीची भोकं रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनी भरून यायची असतात, आणि तोवर ती उघडी पडली तर वाळतात. म्हणून १९८१ पासून विरळ जाळीवर दात्याच्या त्वचेचं पांघरूण घालतात. खाली आपल्या पेशी कडेकडेनं पसरत राहतात, वरचं परकं आवरण काम संपल्यावर सुटून येतं. हाही मूलपेशींचाच उपचार आहे, आणि जिल्ह्याच्या शस्त्रक्रियागृहात होऊ शकणारा आहे.

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की हे सगळं जुनं झालं. २०१५ मध्ये जर्मनीत बोखुम इथे सात वर्षांच्या एका सीरियन मुलाची ८० टक्के बाह्यत्वचा, जनुक दुरुस्त केलेल्या त्याच्याच मूलपेशींपासून वाढवून बदलण्यात आली. २०१७ मध्ये ‘नेचर’नं ते छापलं. तो चमत्कार खराच. पण त्या मुलाला आनुवंशिक आजार होता, तो भाजलेला नव्हता. त्याची बाह्यत्वचा सुटून येत होती आणि तिच्या खालची अंतस्त्वचा जागेवर होती. बी पेरलं गेलं ते तयार जमिनीत, म्हणून ही घटना माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, ती त्याला दुजोराच देते. दुसरा आक्षेप फवाऱ्याचा. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या फिओना वुड यांनी रुग्णाच्या त्वचेच्या पेशी सुट्या करून जखमेवर फवारण्याचं तंत्र काढलं. २००२ च्या बाली बॉम्बस्फोटांनंतर त्यांच्याकडे २८ रुग्ण आले, तेव्हा ते जगभर गाजलं. त्यात तीन आठवडे थांबावं लागत नाही हे मोठंच काम आहे. पण अमेरिकेनं २०१८ मध्ये त्याला परवानगी दिली ती जिथे खालचा थर थोडाफार शिल्लक आहे अशा जखमांसाठी, आणि पूर्ण खोल भाजलं असेल तर जाळीदार त्वचारोपणाच्या जोडीनं. म्हणजे तिथेही एकटी पेशी पुरत नाही.

तिसरा आक्षेप सध्या सर्वांत जास्त ऐकू येतो: चरबीतून, नाळेतून काढलेल्या मूलपेशी टोचल्या तर जमीनही त्याच तयार करतील. या पेशी दाह कमी करणारी, रक्तवाहिन्या वाढवणारी द्रव्यं सोडतात हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. किरणोत्सर्गानं भाजलेल्या काही रुग्णांवर फ्रान्सच्या लष्करी रुग्णालयात २००५ च्या सुमारापासून अस्थिमज्जेतल्या अशा पेशी वापरल्या गेल्या आणि आशा वाढली. पण तिथेही आधी मृत ऊती कापणं आणि त्वचारोपण हे होतंच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तर स्पष्ट म्हटलं आहे, की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जेच्या प्रकारचं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करावा. भाजण्यासाठी पैसे घेऊन अशी सुई टोचण्याचा प्रस्ताव आला, तर हा नियम दाखवून नकार देण्याचा पूर्ण अधिकार भवानी पेठेतल्या यंत्रमाग कामगारालाही आहे. संशोधन व्हावं, चाचण्या महाराष्ट्रात व्हाव्यात, त्यांत सोलापूरचे रुग्ण असावेत, असं मला मनापासून वाटतं. पण ज्या रुग्णालयात जखम पहिल्या आठवड्यात झाकायची सोय नाही, तिथे चाचणीत सामील व्हायला रुग्णच उरत नाही.

शेवटचा आक्षेप घरातला आहे. देह अर्धवट करून अग्नी द्यायचा का, दफन करायचं का? ज्या घरात नुकतं माणूस गेलं आहे तिथे हा प्रश्न दुखरा असतो आणि त्याला घाईनं उत्तर देऊ नये. पण नेत्रदानाच्या बाबतीत हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी सोडवला आहे, आणि त्वचादानात तर देहाचा कुठलाही भाग जात नाही, जातो तो एक पापुद्रा. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं ऊतींचाही समावेश झाला, त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी संमतीनं हे रीतसर होतं. अवयवदानासाठी सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला जोडलेला आहे. मूत्रपिंड किंवा यकृत सोलापुरातून पुण्याला न्यायचं तर अडीचशे किलोमीटरचा रस्ता मोकळा करावा लागतो, कारण मिनिटं मोजायची असतात. त्वचेला ती घाई सुरुवातीच्या सहा तासांपुरती. त्या सहा तासांत डर्माटोम चालवू शकणारं पथक सोलापुरात हजर असलं की पुढे ग्लिसरॉलचं भांडं शीतपेटीत घालून साध्या गाडीनं पेढीपर्यंत जाऊ शकतं, आणि त्याच वाटेनं पेढीतून भरलेली भांडी ‘सिव्हिल’च्या बर्न्स वॉर्डाच्या फ्रिजमध्ये येऊन पाच वर्षांपर्यंत थांबू शकतात.